उभ्या कंपनात दाणे कसे वागतात: स्पीकर, काचमणी आणि मोजपट्टी घेऊन करायचे प्रयोग

सपाट थाळीत कोरड्या वाळूचा पातळ थर पसरा, थाळी स्पीकरच्या पडद्यावर पक्की बसवा आणि आवाज हळूहळू वाढवत न्या. बराच वेळ काहीच घडत नाही. वाळू थाळीबरोबर खालीवर होते, इतकंच. मग एका ठरावीक क्षणी बारीक सळसळ सुरू होते आणि थराचा पृष्ठभाग जिवंत होतो. आणखी थोडा आवाज वाढवला की सपाट थरावर पट्टे उमटतात, किंवा सगळी वाळू सरकत सरकत एका बाजूला ढीग करून बसते.

पट्टे की ढीग? हे नशिबावर अवलंबून नाही. या प्रयोगात चौघांचा हात असतो: तळ, भिंत, हवा आणि दाण्यांच्या आपापसातल्या टकरा. बहुतेक जण पहिल्या आणि शेवटच्याकडे बघतात, हवा आणि भिंत विसरतात, आणि मग दोन दिवसांत दोन वेगळी उत्तरं का आली हे कळत नाही. म्हणून प्रत्येक प्रयोगात एकच प्रश्न विचारत जाऊ: हे नेमकं कोणी घडवलं?

आधी एक आकडा: गॅमा

‘जोरात हलवलं’ याला अर्थ नाही. तळाचं कमाल त्वरण गुरुत्वत्वरणाच्या किती पट आहे, हे महत्त्वाचं. या गुणोत्तराला गॅमा म्हणतात. गॅमा १ पेक्षा कमी असेल तर दाणे तळाला कधीच सोडत नाहीत. तो १ च्या वर गेला की वरच्या टोकाकडे जाताना तळ दाण्यांपेक्षा लवकर मंदावतो आणि त्यांच्याखालून निसटतो, दाणे क्षणभर अधांतरी राहतात आणि पुन्हा आदळतात. इथून पुढचं सगळं त्या उड्डाणात आणि त्या आदळण्यात आहे.

साइन लहरीसाठी हिशोब सोपा आहे. आयाम, म्हणजे मधल्या स्थितीपासूनचं कमाल अंतर, मिलिमीटरमध्ये घ्या. त्याला वारंवारतेच्या वर्गाने गुणा आणि २४८.५ ने भागा:

गॅमा = आयाम × वारंवारता × वारंवारता ÷ २४८.५

म्हणजे दाणे सुटायला १० हर्ट्झला जवळपास २.५ मिलिमीटर आयाम लागतो, २० हर्ट्झला ०.६२, ३० हर्ट्झला ०.२८ आणि ५० हर्ट्झला फक्त ०.१ मिलिमीटर. ५० हर्ट्झला तळ हलताना डोळ्यांना दिसतही नाही, तरी वाळू उडते. डोळ्यांच्या अंदाजावर का जाऊ नये, ते यावरून कळेल.

पायरी १: हलवणारं यंत्र

सहा किंवा आठ इंची वूफर, म्हणजे खर्जातल्या आवाजांचा मोठा स्पीकर, घ्या. तो पडदा वर करून जड लाकडी फळीवर स्क्रूने घट्ट आवळा, नाहीतर फळीच नाचायला लागते. पडद्याच्या मधोमध जी गोल टोपी असते, तिच्या कडेखाली कॉइलची नळी असते. जोर तिथून येतो, म्हणून थाळीचा आधारही तिथेच हवा. टोपीच्या व्यासाएवढ्या हलक्या प्लॅस्टिक पाइपचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा कापा आणि टोपीच्या कडेवर इपॉक्सीने चिकटवा. पाइपची वरची कड सपाट काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासून समतल करा. त्यावर ५ मिलिमीटर जाडीची, १० सेंटिमीटर व्यासाची अ‍ॅक्रिलिकची चकती बसवा आणि चकतीभोवती ४-५ सेंटिमीटर उंचीची पारदर्शक भिंत चिकटवा.

जाडीत कंजुषी करू नका. पातळ तळ स्वतःच वाकत कंप पावतो आणि वाळू त्याच्या स्थिर रेषांवर गोळा होते. ती आकृती सुंदर असते, पण वेगळी असते. एर्न्स्ट क्लाडनी यांनी १७८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकृत्या अशाच होत्या. तिथे नक्षीचं काम थाळी करते. आपल्याला दाण्यांनी केलेलं काम बघायचं आहे, तेव्हा सगळा तळ एकसाथ हलायला हवा.

फोनवरच्या टोन जनरेटर अ‍ॅपने साइन लहर काढा आणि ती अ‍ॅम्प्लिफायरमार्फत स्पीकरला द्या. २० ते ६० हर्ट्झमध्ये काम करा. त्याखाली बरेच अ‍ॅम्प्लिफायर सिग्नल कापतात. आवाज नेहमी शून्यापासून चढवा, आणि कॉइल तापल्याचा वास आला तर लगेच बंद करा. गॉगल घाला. वाळू वापरत असाल तर धुऊन वाळवलेली घ्या आणि मास्क लावा: सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसांना खरोखर घातक असते.

पायरी २: दाणे

सुरुवात वाळूने करू नये, असं माझं ठाम मत आहे. वाळूत सगळ्या आकारांचे कण असतात आणि काय कशामुळे झालं हे वेगळं काढता येत नाही. एकाच मापाचे काचेचे गोल मणी घ्या. पट्ट्यांसाठी सुमारे अर्धा मिलिमीटर, उंच नळकांड्यातल्या प्रयोगांसाठी १ ते २ मिलिमीटर. दोन चाळण्यांमधून चाळून मधला भाग ठेवा. साबणाच्या पाण्याने धुवा, भरपूर खळबळून घ्या, पूर्ण वाळवा.

ओल हा पहिला शत्रू. दोन दाण्यांमधला पाण्याचा दिसतही नसलेला थेंब त्यांना चिकटवून ठेवतो आणि थर गोळ्यागोळ्यांनी उडतो. उलट हवा फारच कोरडी असेल तर स्थिर वीज छळते. थोडा वेळ हलवल्यावर मणी भिंतीला चिकटून वर चढताना दिसले तर ती वीजच. अँटिस्टॅटिक स्प्रे, किंवा किंचित ओलसर कापडाने भिंत पुसून वाळवणं, याने बराच फरक पडतो. धातूचे मणी आणि जमिनीला जोडलेला धातूचा तळ मिळाला तर उत्तमच.

पायरी ३: समतल आणि मोजमाप

या पायरीवर वेळ घालवा. पुढचे सगळे निष्कर्ष हिच्यावर उभे आहेत.

आधी स्पिरिट लेव्हलने थाळी दोन आडव्या दिशांनी समतल करा. मग थाळीच्या बाहेरच्या कडेला काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर सुईच्या टोकाने पांढऱ्या रंगाचा एक ठिपका द्या. बाजूने टॉर्चचा उजेड टाका, भिंगातून बघा आणि स्पीकर चालू करा. ठिपक्याची उभी रेघ झालेली दिसेल. ती रेघ नीट पाहा. सरळ आणि बारीक असेल तर थाळी खरोखर उभी हलते आहे. तिचा लांबट अंडाकार झाला असेल तर थाळी आडवीही हलते आहे, आणि असा अंडाकार असताना मिळालेल्या कुठल्याही ढिगावर विश्वास ठेवू नका. वजन मधोमध नाही, पाइप तिरका बसला आहे किंवा फळी हलते आहे, यांपैकी काहीतरी असतं. ठिपका चारही बाजूंना देऊन चारही रेघा तपासा. त्या सारख्या लांबीच्या हव्यात.

रेघेची लांबी मोजायला शेजारी मिलिमीटरची पट्टी धरून, शटर एक दशांश सेकंदाहून जास्त उघडं ठेवून, जवळून फोटो काढा. लांबीतून ठिपक्याची रुंदी वजा करा आणि उरलेल्याचं निम्मं करा. समजा २५ हर्ट्झला रेघ २.३ मिलिमीटर भरली आणि ठिपका ०.२ चा आहे. उरले २.१, आयाम १.०५, आणि गॅमा आला २.६४.

पडताळणीसाठी मोकळ्या थाळीत एकच स्टीलची गोळी ठेवा. आवाज चढवताना जिथे ती पहिल्यांदा खडखडते, तिथे गॅमा १. त्या क्षणी स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने एसी व्होल्टेज मोजून ठेवा. वारंवारता तीच असेल आणि स्पीकर फार ताणलेला नसेल, तर दुप्पट व्होल्टेजला गॅमा साधारण २ होतो. थाळीवरचं वजन बदललं की हे नातंही बदलतं, म्हणून दाणे भरल्यावर रेघ पुन्हा मोजायचीच.

पायरी ४: पट्टे आणि चौकटी

अर्धा मिलिमीटर मण्यांचा ५ मिलिमीटर जाड थर द्या. १० सेंटिमीटरच्या थाळीला साधारण ६० ग्रॅम मणी लागतात. २५ हर्ट्झ लावा आणि आवाज अगदी सावकाश चढवा.

गॅमा १ ते २ दरम्यान थर एकसंध उडतो आणि आदळतो, पण सपाटच राहतो. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. एकटी काचेची गोळी टाकली तर चांगली उसळते, पण थर अजिबात उसळत नाही, मातीच्या गोळ्यासारखा धप्पकन बसतो. प्रत्येक टकरीत थोडी ऊर्जा जाते आणि थरात क्षणार्धात असंख्य टकरा होतात, म्हणून सगळी उसळी आतल्या आत जिरते.

गॅमा २.५ च्या आसपास पट्टे उमटायला लागतात. आपल्या मापांना त्यांच्यात सुमारे दीड-दोन सेंटिमीटर अंतर असतं. वारंवारता कमी केली की अंतर वाढतं, आणि पुरेशी कमी केली की पट्ट्यांच्या जागी चौकटी येतात. थर आदळताना उंचवट्याखालचे दाणे बाजूला फेकले जातात आणि शेजारच्या खोलगट भागात भेटून वर उसळतात. पुढच्या फेरीत जिथे डोंगर होता तिथे दरी, जिथे दरी होती तिथे डोंगर. म्हणजे थाळीच्या दोन फेऱ्यांत नक्षीची एक फेरी पूर्ण होते.

हे फोनवर पकडता येतं. सेकंदाला २४० चित्रांचा स्लो मोशन लावा. ३० हर्ट्झला एका फेरीची आठ चित्रं मिळतात. दुसरी युक्ती मला जास्त आवडते: थाळी ६० हर्ट्झच्या अगदी जवळ हलवा आणि साधं ३० चित्रांचं चित्रण भरपूर उजेडात, जलद शटरने करा. नक्षी ३० हर्ट्झने बदलत असल्यामुळे ती पडद्यावर जवळपास गोठलेली दिसते. इतक्या वारंवारतेला नक्षी बारीक होते, म्हणून थर निम्म्या जाडीचा करा. मग वारंवारता एक दशांश हर्ट्झने सरकवा. डोंगराची दरी होताना सावकाश, डोळ्यांदेखत दिसेल.

गॅमा ४ च्या पुढे थर एकदा लांब आणि एकदा आखूड उड्डाण घ्यायला लागतो, आणि षट्कोनी नक्षी येऊ शकते. अजून चढवलं की बराचसा भाग पुन्हा सपाट होतो, पण थाळीचे दोन भाग आळीपाळीने उडतात आणि मध्ये एक शिवण दिसते. घरच्या स्पीकरची ताकद बहुधा इथवरच असते.

फ्रान्सिस्को मेलो, पॉल उंबनहोवर आणि हॅरी स्विनी यांनी टेक्सास विद्यापीठात १९९० च्या दशकात हा सगळा नकाशा आखला. त्यांनी निर्वात केलेल्या भांड्यात बारीक कांस्याचे मणी वापरले. १९९६ मध्ये त्यांनी ऑसिलॉन दाखवला: सपाट थरात एकटाच उभा राहणारा दाण्यांचा सुळका, जो पुढच्या फेरीत खड्डा होतो. उलट तालातले दोन ऑसिलॉन एकमेकांकडे ओढले जातात आणि जोडी करतात, एकाच तालातले एकमेकांना दूर ठेवतात. साध्या वाळूच्या टकरांतून इतकं शिस्तबद्ध काही निघतं, हे मला आजही विलक्षण वाटतं.

पायरी ५: ढीग, म्हणजे हवेचा हात

आता मणी बदला. ०.१ ते ०.२ मिलिमीटरचे बारीक मणी किंवा चाळलेली बारीक वाळू, थर एक-दोन सेंटिमीटर, गॅमा १ पेक्षा थोडासाच जास्त. सपाट थर हळूहळू कलतो आणि ढीग उभा राहतो. ढिगाच्या पृष्ठभागावरून दाणे सतत घसरत असतात, तरी ढीग कमी होत नाही, कारण ते तळाकडून आत शिरून पुन्हा माथ्यावर येतात.

मायकल फॅरडे यांनी १८३१ मध्येच याचं कारण हवेत शोधलं. थर उचलला गेला की त्याखाली क्षणभर दाब कमी होतो, हवा कडेकडून आत ओढली जाते आणि आपल्याबरोबर दाणे ढिगाच्या बुडाशी नेते. बारीक दाण्यांच्या फटींतून हवा सहज जाऊ शकत नाही, म्हणून हा दाबफरक टिकतो. जाड दाण्यांतून हवा लगेच निसटते. अर्ध्या मिलिमीटरच्या मण्यांत पट्टे का दिसले आणि बारीक मण्यांत ढीग का, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

व्हॅक्यूम पंप नसला तरी हवेचा हात तपासता येतो. थाळीचा भरीव तळ काढून त्या जागी दाणे गळणार नाहीत इतकी बारीक, ताणून चिकटवलेली धातूची जाळी लावा आणि खालून हवेला मोकळी वाट ठेवा. दाबफरक टिकत नाही आणि ढीग मंदावतो. जाळी ढिली पडून वाकत नाही ना, हे आधी ठिपक्यांच्या रेघांवरून पाहा.

पायरी ६: मोठी गोळी वर का येते

ब्राझील नट परिणाम या नावाने हा प्रकार प्रसिद्ध आहे. लहान-मोठ्या दाण्यांचं मिश्रण हलवलं की मोठे वर येतात. याचं एकच कारण सांगणाऱ्यावर विसंबू नका. कारणं वेगवेगळी आहेत आणि ती प्रयोगाने वेगळी करता येतात.

६-७ सेंटिमीटर व्यासाचं, १५ सेंटिमीटर उंच पारदर्शक नळकांडं घ्या. तळाशी मधोमध दीड-दोन सेंटिमीटरची काचेची गोळी ठेवा आणि ती बुडेल इतके १ मिलिमीटरचे मणी ओता. गोळीच्या माथ्याच्या पातळीला रंगीत मण्यांचा एक पातळ थर द्या, त्यावर ८-१० सेंटिमीटर साधे मणी. इथे स्पीकर नको. नळकांडं ५ मिलिमीटर उचला आणि जाड रबरावर सरळ सोडा, सेकंदाला एक ठोका. दोन ठोक्यांमध्ये सगळं पूर्ण शांत व्हायला हवं. दर वीस ठोक्यांनी फोटो काढा.

रंगीत थर मध्ये फुगून वर आला आणि कडेला भिंतीलगत खाली उतरला, तर अभिसरण चालू आहे. मधला प्रवाह वर, भिंतीलगतचा पातळ प्रवाह खाली. गोळी वर आली की ती भिंतीलगतच्या अरुंद प्रवाहात मावत नाही, म्हणून परत खाली जाऊ शकत नाही. शिकागो विद्यापीठात नाइट, येगर आणि नागेल यांनी १९९३ मध्ये हेच दाखवलं: गोळी आणि तिच्या शेजारचे लहान दाणे एकाच वेगाने चढतात. पण रंगीत थर जागीच राहिला आणि गोळी एकटीच वर निघाली, तर काम फटींचं आहे. प्रत्येक ठोक्याला गोळीखाली पोकळी होते, तिच्यात लहान मणी शिरतात आणि गोळी खाली बसू शकत नाही. १९८७ मध्ये रोसाटो आणि सहकाऱ्यांनी संगणकावर मांडलेलं चित्र हेच होतं.

आता भिंतीला हात घाला. नळकांड्याला आतून पॉलिश पेपर लावा आणि तोच प्रयोग करा. घर्षण वाढलं की अभिसरण जोर धरतं. त्यानंतर वर रुंद होत जाणारं, तिरक्या भिंतीचं भांडं घ्या. इथे प्रवाह उलटू शकतो: दाणे भिंतीलगत वर आणि मध्ये खाली. तसं झालं तर गोळी तळाकडे जाईल. गोळी तीच, मणी तेच, ठोके तेच, फक्त भिंतीचा कल वेगळा.

दाणे बारीक असतील तर हवा पुन्हा मध्ये येते. एकाच आकाराच्या तीन गोळ्या घ्या: पोकळ प्लॅस्टिकची, लाकडाची आणि स्टीलची. चढायला लागणारे ठोके मोजा. शिकागोच्या गटाने २००१ मध्ये दाखवलं की हलकी गोळी लवकर चढते, जडही लवकर चढते, मधल्या घनतेची सगळ्यांत जास्त वेळ घेते, आणि हवेचा दाब कमी केला की हा फरक नाहीसा होतो. अवकाशातही हा प्रश्न निघतो. हायाबुसा यानाने २००५ मध्ये इटोकावा लघुग्रहाची छायाचित्रं घेतली तेव्हा पृष्ठभागावर मोठमोठे धोंडे पसरलेले दिसले, आणि लहान-मोठ्या आघातांनी ते वर आले असावेत असा एक विचार आहे.

पायरी ७: दाबून बसणं

हा प्रयोग दिसायला नीरस आहे आणि मला सगळ्यांत प्रिय आहे. २५० ग्रॅम काचमणी मोजपात्रात ओता. काचेची घनता सुमारे २.५ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, म्हणजे नुसत्या काचेचं आकारमान १०० घनसेंटिमीटर. मणी १७५ मिलिलिटरच्या रेघेला भिडले तर भरणप्रमाण, म्हणजे एकूण जागेतला काचेचा वाटा, ०.५७, ठोकून १६० वर आले तर ०.६२५. अव्यवस्थित रचलेले एकसारखे गोल साधारण ०.६४ पर्यंतच बसतात. फळांच्या राशीसारखी सुबक रचना केली तर ०.७४.

१, १०, १००, १०००, १०,००० ठोक्यांनंतर पातळी टिपा आणि ठोक्यांचा अक्ष लॉगरिदमिक (प्रत्येक दसपटीला सारखं अंतर) ठेवून आलेख काढा. पहिल्या दहा ठोक्यांत बरंच खाली येतं, मग प्रत्येक दसपटीला थोडं थोडं. हजार ठोक्यांनंतर थांबलं असं वाटतं, पण दहा हजाराला आणखी उतरलेलं असतं. १९९५ मध्ये शिकागोत मोजलेली घसरण अशीच लॉगरिदमिक निघाली. एका मण्याला मावेल एवढी फट तयार व्हायची तर भोवतीच्या अनेक मण्यांना एकाच वेळी किंचित सरकावं लागतं, आणि रचना जितकी घट्ट तितके जास्त मणी सरकावे लागतात. पात्राचा व्यास मण्याच्या दहा पटींहून मोठा ठेवा, नाहीतर भिंत दाण्यांना ओळीत लावते आणि आकडे बिघडतात.

औषधनिर्मितीत भुकटीची परीक्षा अशीच घेतात: १०, ५०० आणि १२५० ठोके, मग आधीच्या आणि नंतरच्या आकारमानाचं गुणोत्तर. आपल्या मण्यांचं ते १.०९ येतं. गुणोत्तर जितकं मोठं तितकी भुकटी यंत्रात अडकण्याची शक्यता जास्त.

पायरी ८: दोन खणांचा डबा

पुन्हा स्पीकर. पारदर्शक डब्यात मधोमध उभी फळी बसवा आणि तिला तळापासून दोन-तीन सेंटिमीटर उंचीवर एक आडवी फट ठेवा. दोन्ही बाजूंना २-३ मिलिमीटरचे सारखे मणी टाका, इतके की तळ जेमतेम दोन-तीन थरांनी झाकेल. जोरात हलवलं की मणी फटीतून ये-जा करतात आणि दोन्ही खण सारखे राहतात. आता आयाम हळूहळू कमी करा. एका टप्प्यावर एका खणात योगायोगाने चार मणी जास्त जातात. जास्त मणी म्हणजे जास्त टकरा, जास्त टकरा म्हणजे कमी उसळी, आणि कमी उसळी म्हणजे फटीपर्यंत पोचणारे कमी. तिकडून येणं चालू राहतं, इकडून जाणं आटतं, आणि बघता बघता जवळजवळ सगळे मणी एकाच खणात गोळा होतात.

डबा किंचित कललेला असेल तर प्रत्येक वेळी तोच खण जिंकेल. म्हणून किमान वीस वेळा करा, प्रत्येक वेळी सुरुवातीला मणी सारखे वाटून. डावा किती वेळा, उजवा किती वेळा, हे लिहा. अकरा-नऊ आलं तर ठीक. अठरा-दोन आलं तर स्पिरिट लेव्हल पुन्हा काढा आणि पायरी ३ वरची ठिपक्याची रेघ पुन्हा तपासा.